ढेपाळलेला महाविद्यालयीन फुटबॉल संघ पुन्हा उभा करताना: कामांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

विद्यापीठाचे स्पर्धा-परिपत्रक पावसाळ्यात हाती पडते, सूचनाफलकावर निवड चाचणीची सूचना लागते, तीस-पस्तीस मुले मैदानावर येतात, त्यांतली सोळा-अठरा एका संध्याकाळी निवडली जातात, नवा गणवेश शिवून येतो आणि विभागीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत पाच-सहा गोल खाऊन संघ परततो. मग प्रशिक्षक बदलायचे ठरते आणि पुढच्या पावसाळ्यात सगळे पुन्हा तसेच घडते. निवड, गणवेश, प्रशिक्षक ही तिन्ही कामे करावीच लागतात, परंतु ज्या कामांवर ती उभी राहतात ती कामे कोणी आधी केलेलीच नसतात.

हा लेख शारीरिक शिक्षण संचालकांसाठी, जिमखाना समितीच्या सदस्यांसाठी आणि ज्यांच्या गळ्यात ऐन वेळी संघव्यवस्थापकपद पडते अशा प्राध्यापकांसाठी आहे. उदाहरणे कोल्हापूर, सांगली आणि सातारा या जिल्ह्यांतली, म्हणजे शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातली आहेत, कारण माझे काम तिथले आहे. अन्य विद्यापीठांत तारखा आणि मैदानाची माती वेगळी असेल, पण कामांचा क्रम हाच ठेवावा. पूर्ण प्रक्रियेला दोन शैक्षणिक वर्षे लागतात आणि ही गोष्ट प्राचार्यांना पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगून ठेवावी. पहिल्या वर्षी चषकाचे आश्वासन देणाऱ्या माणसाला दुसरे वर्ष मिळत नाही.

टप्पा १: जानेवारी – मागच्या हंगामांचा हिशेब

नव्या योजनेआधी मागच्या तीन हंगामांची पाने उघडावीत. सामन्यांचे निकाल सगळ्यांना पाठ असतात, परंतु गोल कसे झाले याची नोंद बहुधा कोठेच नसते. ती त्या वेळच्या खेळाडूंना बसवून, आठवणीतून का होईना, लिहून काढावी. प्रत्येक स्वीकारलेल्या गोलापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: सामन्याचे मिनिट, गोलाची सुरुवात कोठून झाली (कॉर्नर, फ्री किक, थ्रो-इन, आपल्याच बचावफळीचा चुकलेला पास, गोलरक्षकाच्या हातून सुटलेला चेंडू) आणि त्या क्षणी आपले किती खेळाडू चेंडूच्या मागे होते.

मी ही यादी पहिल्यांदा केली तेव्हा आमची आघाडी दुबळी आहे असे सर्वांचे ठाम मत होते. कागदावर दिसले ते निराळेच. निम्म्याहून अधिक गोल आम्ही शेवटच्या वीस मिनिटांत खाल्ले होते आणि त्यांतले बरेचसे थांबलेल्या चेंडूवरून, म्हणजे कॉर्नर आणि फ्री किकसारख्या प्रसंगांतून, झाले होते. म्हणजे संघाला नवा स्ट्रायकर शोधण्याआधी दम आणि कॉर्नरवरची उभारणी हवी होती.

याच कागदावर आणखी तीन आकडे घ्यावेत: सरावाची सरासरी हजेरी, अंतिम वर्ष संपवून बाहेर पडणारे खेळाडू आणि पात्रतेच्या कागदांवरून नाकारले गेलेले खेळाडू. तिसरा आकडा शून्य नसेल तर पुढचा टप्पा दोनदा वाचावा.

*तपासणी:* सगळा हिशेब एका पानात मावला पाहिजे. पान वाचून संघाच्या दोन मुख्य दुखण्यांवर बोट ठेवता येत नसेल, तर नोंदी अपुऱ्या आहेत असे समजावे.

टप्पा २: फेब्रुवारी ते जून – कागदपत्रे

फुटबॉलच्या लेखात कागदांना एवढे वरचे स्थान का, असा प्रश्न पडेल. सरावात वर्षभर घाम गाळलेला मध्यरक्षक एका प्रमाणपत्राअभावी बाहेर बसतो, तेव्हा त्या जागेची सगळी आखणी कोलमडते, आणि हे दरवर्षी कोठे ना कोठे घडतेच.

प्रत्येक संभाव्य खेळाडूची एक फाइल करावी. तीत दहावी व बारावीच्या गुणपत्रिका, जन्मतारखेचा पुरावा, चालू वर्षाच्या प्रवेशाची पावती, मागील वर्षाचा निकाल, ओळखपत्र, छायाचित्रे आणि शिक्षणात खंड असल्यास त्याचे प्रमाणपत्र असावे. वयाची मर्यादा आणि बारावी उत्तीर्ण झाल्यानंतर किती वर्षे खेळता येते याची मर्यादा अशा दोन स्वतंत्र अटी असतात. एकीत बसणारा मुलगा दुसरीत बसेलच असे नाही. दुसऱ्या महाविद्यालयातून आलेला, अभ्यासक्रम बदललेला आणि पूर्णवेळ नोकरी करणारा विद्यार्थी या तिघांची फाइल विद्यापीठाच्या क्रीडा विभागात आधीच दाखवून आणावी. तोंडी ‘चालतंय’ या उत्तरावर विसंबू नये, चालू वर्षाच्या परिपत्रकातले कलम वाचावे.

नावाच्या लेखनाकडे सहसा कोणाचे लक्ष नसते. गुणपत्रिकेवर एक आणि ओळखपत्रावर दुसरे, वडिलांचे नाव कोठे आहे तर कोठे नाही, असे असले की पडताळणीच्या टेबलावर अर्धा दिवस जातो. मी स्वतः एकदा एका खेळाडूच्या खंडप्रमाणपत्राची फक्त छायाप्रत घेऊन गेलो होतो. मूळ प्रत त्याच्या गावी, गाव पन्नास किलोमीटरवर आणि सामना दुपारी तीनला! तो मुलगा गणवेश घालून बाकावर बसून राहिला.

*इशारा:* अपात्र खेळाडू ‘फक्त दहा मिनिटांसाठी’ उतरवण्याचा मोह टाळावा. तक्रार झाली तर जिंकलेला सामना जातो आणि पुढच्या वर्षी तुमच्या प्रत्येक अर्जाकडे संशयाने पाहिले जाते.

टप्पा ३: एप्रिल ते जुलै – खेळाडू कोठून आणायचे

निवड चाचणीला जे येतात त्यांतून संघ करणे म्हणजे पेरणी न करता कापणीला जाण्यासारखे आहे. प्रवेशाच्या काळातच शोध सुरू व्हावा, आणि तो चार ठिकाणी करावा.

पहिले ठिकाण आपल्याच आवारात असते. अकरावी-बारावीची मुले विद्यापीठाच्या स्पर्धेत खेळू शकत नाहीत, ती जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या १९ वर्षांखालील शालेय स्पर्धांत खेळतात, म्हणून वरिष्ठ महाविद्यालय त्यांच्याकडे पाहतच नाही. वास्तविक दोन वर्षांनी तीच मुले तुमच्याकडे प्रथम वर्षाला येणार असतात किंवा शेजारच्या महाविद्यालयात जाणार असतात. त्यांना आठवड्यातून दोन दिवस वरिष्ठ संघाबरोबर सरावाला घ्यावे. दोन वर्षांच्या योजनेत एवढी कमी खर्चाची गुंतवणूक दुसरी नाही.

दुसरे ठिकाण परिसरातील शाळा, विशेषतः ज्या शाळा सुब्रतो चषकाच्या स्पर्धांत नियमित उतरतात त्या. तिसरे म्हणजे आपल्याच महाविद्यालयातील दुसऱ्या खेळांचे खेळाडू: आठशे मीटर धावणारा मुलगा बाजूचा बचावपटू म्हणून वर्षभरात घडवता येतो, आणि हँडबॉलचा किंवा बास्केटबॉलचा उंच खेळाडू गोलपोस्टमध्ये उभा करून पाहायला काहीच हरकत नाही.

चौथे ठिकाण तालीम (म्हणजे पेठेतले मंडळ, ज्याचा फुटबॉल संघही असतो) आणि क्लब. कोल्हापूरपुरता हा विषय नाजूक आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब अशा संघांत खेळणारा मुलगा महाविद्यालयाच्या संघापेक्षा कितीतरी मोठ्या गर्दीसमोर शाहू स्टेडियमवर खेळलेला असतो. त्याची पहिली निष्ठा पेठेशी असणार हे गृहीत धरावे आणि त्याबद्दल त्याला टोमणे मारू नयेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा स्थानिक हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो, तर महाविद्यालयीन विभागीय स्पर्धा साधारण त्याआधी उरकतात. वेळापत्रकांचा संघर्ष वाटतो तितका मोठा नाही. खरी अडचण दोन्हीकडच्या सरावाने थकणाऱ्या पायांची आहे. त्यामुळे तालमीच्या प्रशिक्षकांना स्वतः जाऊन भेटावे, कोणत्या दिवशी कोठे सराव हे ठरवावे, आणि खेळाडूने दोन्हीकडचा सराव एकाच वहीत लिहावा असा नियम करावा. दुखापत झाल्यास दोन्ही बाजूंनी एकमेकांना कळवायचे, हेही याच भेटीत ठरवून घ्यावे.

आणखी एक काळजी. परस्परविरोधी तालमींची मुले एकाच संघात आली की पहिले काही दिवस पासही जपून दिले जातात. सरावातील जोड्या आणि प्रवासातील खोल्या तुम्ही ठरवा, त्यांच्यावर सोडू नका.

*नेहमीची चूक:* सामन्याच्या दिवशीच उगवणाऱ्या नामांकित खेळाडूसाठी नियम वाकवणे. हजेरीचा किमान आकडा सर्वांसाठी एकच असावा. माझ्याकडे तो सरावाच्या दिवसांच्या तीन-चतुर्थांश इतका असे. पहिल्या वर्षी या नियमापायी दोन चांगले खेळाडू गेले. उरलेल्यांना मात्र कळले की बाकावरून मैदानात येण्याची वाट कोणती आहे.

*तपासणी:* सरावाच्या गटात चोवीस ते सव्वीस नावे असावीत आणि त्यांत अंतिम वर्षाचे एक-तृतीयांशाहून अधिक नसावेत. गोलरक्षक किमान तीन हवेत. दोघांपैकी एकाचे बोट मोडते आणि दुसऱ्याची प्रात्यक्षिक परीक्षा त्याच दिवशी निघते.

टप्पा ४: मे-जून – मैदान, वेळ आणि साहित्य

मैदान बहुधा क्रिकेटबरोबर वाटून घ्यावे लागते. हे भांडण संचालकांच्या खोलीतच मिटवावे, खेळपट्टीच्या कडेला नव्हे. लेखी वेळापत्रक करून दोन्ही कर्णधारांच्या सह्या घ्याव्यात. सरावाची वेळ ठरवताना विज्ञान शाखेची दुपारची प्रात्यक्षिके, सकाळची पहिली तासिका आणि बाहेरगावच्या मुलांची शेवटची एसटी या तिन्ही गोष्टी समोर ठेवाव्यात. संध्याकाळी सातला सुटणारी गाडी पकडायची असेल तर साडेसहाच्या पुढचा सराव कागदावरच राहतो.

नियमाप्रमाणे मैदान ९० ते १२० मीटर लांब आणि ४५ ते ९० मीटर रुंद असते, गोलची रुंदी ७.३२ मीटर आणि उंची २.४४ मीटर. आपले मैदान यापेक्षा लहान असेल तर लाजायचे कारण नाही, मात्र स्पर्धा जिथे होणार तिथली रुंदी मोजून आणावी. अरुंद मैदानावर सरावलेली बचावफळी रुंद मैदानावर फाटते. पाऊस सुरू होण्यापूर्वी दगड वेचून घ्यावेत, खड्डे भरावेत आणि पाणी वाहून जाण्यासाठी कडेला चर काढावा. काळ्या मातीच्या मैदानावर सलग पावसात पूर्ण सराव करू नये, कारण दोन तासांच्या सरावात उखडलेले मैदान सुकल्यावर महिनाभर घोटे मुरगळत राहते. त्या दिवसांत सभागृह, बास्केटबॉलचे मैदान किंवा भाड्याचे टर्फ वापरावे.

*इशारा:* आखणीसाठी फक्की मारताना कळीचा चुना कदापि वापरू नये. ओल्या अंगावर आणि डोळ्यांत गेल्यास तो भाजतो. खडूची किंवा चुनखडीची भुकटी वापरावी. सुटे गोलपोस्ट असतील तर ते जमिनीत घट्ट रोवलेले किंवा मागून वजनाने बांधलेले असावेत, आणि त्यांवर कोणालाही लोंबकळू देऊ नये.

खरेदीचा क्रम असा ठेवावा: चेंडू, बिब आणि कोन, शिनपॅड, प्रथमोपचाराची पेटी, गोलरक्षकांचे हातमोजे, सामन्याच्या गणवेशाचे दोन रंगांतील संच, आणि पैसे उरलेच तर ट्रॅकसूट. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा असतो, कारण छायाचित्रात ट्रॅकसूट दिसतो. दोन खेळाडूंमागे एक चेंडू हे किमान प्रमाण आहे. पाच क्रमांकाच्या चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम असते; हवा अंदाजाने भरू नये, दाबमापक घ्यावा, त्याला फार पैसे पडत नाहीत. कडक मातीवर लांब स्टडचे बूट घालू देऊ नयेत, पाय अडकून गुडघा फिरतो. शिनपॅड नियमानेच बंधनकारक असतात, म्हणून सरावातही त्यांची सवय लावावी.

टप्पा ५: प्रशिक्षक आणि कामांची वाटणी

प्रशिक्षक पाचव्या टप्प्यावर पाहून आश्चर्य वाटेल. शोध अर्थातच आधी सुरू करावा, पण मैदान, वेळ आणि खेळाडू ठरण्याआधी त्याला नेमले तर त्याचा पहिला महिना याच गोष्टींमागे पळण्यात जातो आणि दोष त्याच्या माथी बसतो.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी परवाना किंवा त्यावरचा आशियाई महासंघाचा सी परवाना असलेला, किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा पदविकाधारक मिळाला तर उत्तम. परवान्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे तो आठवड्यातून किती दिवस खरोखर येणार आहे. नावाजलेला जुना खेळाडू नेमण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. त्यांतले काही उत्तम शिकवतात, तर काही सरावात स्वतःच दहा नंबर, म्हणजे संघाचा मुख्य आक्रमक, होऊन खेळतात आणि मुले बघत राहतात. नेमण्याआधी तीन सराव घ्यायला सांगावे आणि कडेला बसून पाहावे. मुदत दोन हंगामांची द्यावी.

संघ कोण निवडणार, हे एका ओळीत लिहून प्राचार्यांची सही घ्यावी. संस्थेतील कोणाच्या भाच्यासाठी फोन आला की हीच ओळ कामी येते. व्यवस्थापकाकडे कागद, प्रवास आणि जेवण. प्रशिक्षकाकडे सराव आणि निवड. कर्णधाराकडे हजेरी आणि साहित्याची खोली.

टप्पा ६: जून ते ऑगस्ट – बारा आठवड्यांचा सराव

सरावाच्या पहिल्या दिवशी मैदानाच्या दहा फेऱ्या मारायला लावणे ही आपली जुनी परंपरा आहे आणि ती मोडलेली बरी. फुटबॉलमध्ये खेळाडू संथ गतीने सलग धावत नाही. तो थांबतो, वळतो, दहा-वीस मीटर जोरात जातो आणि पुन्हा तेच करतो. दम मोजायचा असेल तर यो-यो चाचणी घ्यावी. तीत २० मीटर जाऊन परत यायचे, दहा सेकंद विश्रांती घ्यायची आणि ध्वनिमुद्रित इशाऱ्यांनुसार वाढत्या वेगात पुन्हा धावायचे असते. साधन नसेल तर कूपरची बारा मिनिटांची धाव चालेल. पहिल्या, सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात एकच चाचणी घ्यावी. दर वेळी नवी घेतली तर तुलना होत नाही.

आठवडे १ ते ४: पाया. आठवड्यातून चार दिवस, नव्वद मिनिटे. प्रत्येक सरावाची सुरुवात ‘फिफा इलेव्हन प्लस’ या क्रमाने करावी. त्यात पंधरा व्यायाम असून सुमारे वीस मिनिटे लागतात. आधी संथ धावणे, मग पोट, मांड्या आणि तोल यांचे व्यायाम, शेवटी वेगवान धाव. आठवड्यातून किमान दोनदा नियमाने केल्यास गुडघा, घोटा आणि मांडीच्या मागच्या स्नायूंच्या दुखापती कमी होतात. मुले पहिल्या आठवड्यात कंटाळतात, म्हणून कर्णधाराला पुढे उभे करावे. दम वाढवण्यासाठी चेंडूसह लहान सामने घ्यावेत: तीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद जागेत चार विरुद्ध चार, चार मिनिटे खेळ, दोन मिनिटे विश्रांती, अशी चार ते सहा आवर्तने.

आठवडे ५ ते ८: मागून पुढे. पडका संघ गोलरक्षकापासून बांधायचा असतो. आधी गोलरक्षक आणि दोन्ही मधले बचावपटू या तिघांची हाक-ओरड जमवावी, म्हणजे चेंडू कोणाचा हे एकाच शब्दात ठरले पाहिजे. मग चौघांची फळी एकत्र पुढे-मागे सरकायला शिकवावी आणि शेवटी मध्यफळी तिच्यासमोर दहा-बारा मीटरच्या आत ठेवावी. हे अंतर कोन ठेवून प्रत्यक्ष दाखवावे लागते, सांगून कळत नाही. प्रत्येक सरावाची शेवटची पंधरा मिनिटे कॉर्नर आणि फ्री किकवरच्या बचावासाठी राखावीत: जवळच्या खांबाशी कोण, चेंडूवर पहिला कोण झेपावणार, कोणाला कोण धरणार आणि बाहेर आलेल्या चेंडूवर कोण धावणार. या जागांना नावे लिहावीत आणि बदली खेळाडूचेही नाव शेजारी लिहावे, कारण गोल हमखास बदली झाल्यानंतरच्या पहिल्या कॉर्नरवर होतो.

नियमांचे जुने ज्ञानही इथेच तपासावे. गोलकिक पेनल्टी क्षेत्राबाहेर गेल्यावरच खेळात येते असे अजूनही अनेक संघांत शिकवतात. २०१९ पासून ती मारली आणि चेंडू हलला की खेळात येतो. गोलरक्षकाने चेंडू आठ सेकंदांहून अधिक हातात धरला तर २०२५-२६ च्या नियमांनुसार प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. शेवटच्या मिनिटांत चेंडू कवटाळून बसायची सवय असलेल्या गोलरक्षकाला हे सरावात मोजून दाखवावे.

आठवडे ९ ते १२: चेंडू मिळाल्यावर काय. आता आक्रमण. नव्या संघाला पाच-सहा चाली शिकवू नयेत. चेंडू हिसकावल्यावर पहिला पास कोठे, बाजूने कोण धावणार आणि क्रॉस आला तर पेनल्टी क्षेत्रात कोणते तीन जण पोचणार, एवढे पक्के झाले तरी पुष्कळ. सरावाचे दिवस तेच ठेवून शेवटच्या आठवड्यात वेळ निम्म्यावर आणावी. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात मुलांना ‘घासून’ घेणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत, आणि सामन्यात पोटऱ्या धरून बसलेली त्यांची मुलेही.

खाण्याचा प्रश्न सरावाइतकाच गंभीर आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. वसतिगृहातला मुलगा पहाटे उपाशीपोटी येतो आणि सरावानंतर चहा-बिस्किटावर अकरापर्यंत काढतो. सरावाआधी केळे आणि नंतर उकडलेली अंडी किंवा मोड आलेली मटकी, शेंगदाण्याचा लाडू, एवढी सोय जिमखान्याच्या निधीतून करता येते. हंगामाच्या सुरुवातीला सर्वांचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. मुलींच्या संघात ही तपासणी कधीच चुकवू नये. ‘दम नाही’ म्हणून बसवलेल्या मुलीला पुष्कळदा रक्तक्षय असतो. हिमोग्लोबिन प्रतिडेसिलिटर १२ ग्रॅमहून कमी आले, मुलांच्या बाबतीत १३ हून कमी, तर डॉक्टरांकडे पाठवावे; गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत.

*इशारा:* डोक्याला मार लागून खेळाडू गोंधळला, चक्कर आली, ओकारी आली किंवा काय घडले ते आठवत नसेल, तर त्याला त्या दिवशी पुन्हा खेळवू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. विजांचा कडकडाट सुरू होताच मैदान रिकामे करावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणालाही परत सोडू नये.

*तपासणी:* आठव्या आठवड्याच्या शेवटी कोणत्याही बचावपटूला बाजूला घेऊन विचारावे, ‘डावीकडून कॉर्नर आला तर तू कोठे?’ उत्तराला दोन सेकंदांहून अधिक लागले तर आक्रमणाकडे जाऊ नये, आणखी एक आठवडा इथेच घालवावा.

टप्पा ७: सराव सामने

सातव्या आठवड्यापासून सहा ते आठ सामने व्हावेत. पहिलाच सामना विभागातल्या सर्वांत बलाढ्य संघाशी ठेवून ‘मुलांना अंदाज यावा’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. अंदाज येतो, पण तो मुलांच्या मनातून हंगामभर जात नाही. आधी आपल्या तोडीचे दोन, मग थोडे वरचे तीन आणि शेवटी एक बलाढ्य, असा चढ ठेवावा. सामने पूर्ण ४५ मिनिटांच्या दोन भागांचे असावेत, निदान शेवटचे चार तरी. पहिल्या टप्प्यातली गोलांची नोंदवही इथे पुन्हा उघडावी आणि लिहिण्याचे काम जखमी खेळाडूला द्यावे. तो संघात राहतो आणि खेळ वाचायलाही शिकतो.

टप्पा ८: स्पर्धेचा आठवडा

विभागीय स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या असतात, म्हणजे वर्षभराची मेहनत एका दुपारी पणाला लागते. व्यवस्थापकाच्या पिशवीत मूळ कागदपत्रे, दोन छायाप्रती, दोन्ही रंगांचे गणवेश, जादा शिनपॅड, टेप, बर्फ आणि क्षारसंजीवनीची पाकिटे असावीत. मैदानावर दीड तास आधी पोचावे. जेवण सामन्याच्या तीन तास आधी, तेही रोजच्यासारखे. यजमान महाविद्यालयाने प्रेमाने दिलेली मिसळ सामना संपल्यावर खावी.

टायब्रेकर नशिबाचा म्हणून सोडून देऊ नये. पाच नव्हे, आठ जणांचा क्रम आधीच ठरलेला हवा, आणि त्यांनी सरावाच्या शेवटी, थकलेले असताना, ११ मीटरवरून रोज दोन किक मारलेल्या हव्यात. गोलरक्षकाला सांगावे की किक मारली जाईपर्यंत एका पायाचा काही भाग तरी रेषेवर, हवेत रेषेच्या सरळ वर किंवा रेषेच्या मागे हवा. पुढे उडी मारून अडवलेली किक पुन्हा मारली जाऊ शकते.

पहिला गोल खाल्ल्यावर काय करायचे, हेही आधी ठरवावे. आमचा नियम साधा होता: पुढची पाच मिनिटे कोणीही आपली जागा सोडून पुढे धावायचे नाही. पडक्या संघांना एका गोलापाठोपाठ दुसरा बसतो, तो याच पाच मिनिटांत.

टप्पा ९: पराभवानंतरचे दहा दिवस आणि पुढचे दहा महिने

पहिल्या वर्षी हरण्याची शक्यताच जास्त आहे. हरल्यावर संघ पांगतो, साहित्याच्या खोलीला कुलूप लागते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोणी फिरकत नाही. संघ खऱ्या अर्थाने मोडतो तो या दिवसांत. म्हणून सामन्यानंतर दोन दिवसांनी, राग निवल्यावर, तासाभराची बैठक घ्यावी. तीत निकालावर कमी आणि जानेवारीतल्या पानावर जास्त बोलावे: गोल किती कमी झाले, शेवटच्या वीस मिनिटांत किती बसले, हजेरी किती वाढली. पहिल्या वर्षाचे यश या तीन आकड्यांत मोजावे, आणि प्राचार्यांपुढेही हेच पान ठेवावे. दुसऱ्या वर्षी एखादी फेरी पार करण्याची अपेक्षा वाजवी आहे.

त्यानंतर सत्र परीक्षा येतात. या काळात सराव पूर्ण बंद ठेवावा आणि विषय राहिलेल्या खेळाडूंची यादी करून संबंधित प्राध्यापकांना भेटावे. नापास होऊन किंवा वर्ष सोडून गेलेला खेळाडू दुखापतीपेक्षा जास्त काळ बाहेर राहतो. परीक्षा संपल्या की आठवड्यातून दोन दिवस हलका सराव चालू करावा. तालमीकडून खेळणाऱ्यांना हंगामासाठी मोकळे सोडावे, पण त्यांची वही महिन्यातून एकदा पाहावी, आणि कधीतरी स्टेडियमवर जाऊन त्यांचा सामना प्रेक्षकांत बसून बघावा. मुले ते लक्षात ठेवतात.

पुढचा कर्णधार जानेवारीतच ठरवावा आणि तो द्वितीय वर्षाचा असावा, म्हणजे त्याच्या हाती पूर्ण एक हंगाम राहतो. साहित्याच्या खोलीची किल्ली त्याच दिवशी त्याच्याकडे द्यावी, चेंडू मोजून आणि वहीत सही घेऊन.